मुंबईतली फ्रेंच पेस्ट्री चाखणी : प्रकल्प नोंदी, मे-जून २०२५

१ मे, गुरुवार. तयारी

सुट्टी असल्यामुळे यादी आणि सामान आजच उरकलं. सहा पॅटिसरी (फ्रेंच पेस्ट्रीची दुकानं) ठरवल्या. १ आणि २ फोर्ट-काळा घोडा भागातल्या, ३ आणि ४ लोअर परळ-वरळीच्या, ५ आणि ६ वांद्र्याच्या. नोंदींत नावं येणार नाहीत, फक्त क्रमांक. चाखणारे चौघे, कापाकापीचं ठिकाण दादरचं स्वयंपाकघर.

पदार्थ पाच : क्रोसाँ, एक्लेअर, मॅकरॉन, मिल-फॉय, लेमन टार्ट. प्रत्येकात हाताचं वेगळं कसब लागतं. त्याच क्रमाने : यीस्टचे पदर, शू पेस्ट्री (शिजवलेल्या पिठात अंडं घालून फुगवलेलं पोकळ कवच), बदामाच्या पिठाचं मरँग (फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचं), बिनयीस्टचे पदर आणि खुसखुशीत टार्टचं कवच. थरांचे केक शेवटी. क्रीम आणि चॉकलेटच्या आड बरंच लपतं, त्यामुळे हात बसायच्या आधी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सामान : १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा ४५० रुपये, सुईचा थर्मामीटर ५५०, आर्द्रतामापक ३००, दातेरी ब्रेड-सुरी ३५०, जेल पॅक चार नग २००. एकूण १,८५०. आइसबॉक्स घरचाच. स्टीलची सहा इंची पट्टी कंपासपेटीतली.

गुणांचा तक्ता : पदर किंवा कवच १०, आतली जाळी किंवा भरण १०, फॅटची चव १०, भाजणी १०, वजनाच्या मानाने भाव १०. वेळेचा रकाना घातला नाही. ही चूक दोन दिवसांत अंगाशी आली.

३ मे, शनिवार. पहिली फेरी वाया

प्रत्येकी दोन क्रोसाँ. दुकान १ मधून सकाळी सव्वादहाला, दुकान ३ मधून पावणेबाराला, दुकान ५ मधून दुपारी एक वीसला. दादरला डबे उघडले तेव्हा पावणेतीन वाजले होते. बाहेर ३४ अंश. खर्च १,१९०.

तिन्ही मऊ. दाबल्यावर कुरकुरण्याऐवजी लादी पावासारखे खाली बसून परत वर आले. तरी गुण दिले. ५ पहिला, ३ दुसरा, १ शेवटचा. मग बिलांवरच्या वेळा शेजारी मांडल्या, तर क्रम तंतोतंत तोच. शेवटी घेतलेला पहिला, आधी घेतलेला शेवटचा. म्हणजे आम्ही दुकानांना नव्हे, टॅक्सीला गुण दिले होते. पानावर काट.

कारण साधं आहे. क्रोसाँचं कवच कोरडं, आतला भाग ओलसर. बंद डब्यात आतली वाफ कवचाकडे सरकते आणि तिला बाहेर जायला वाट नसते. त्यातून प्लास्टिकची खिडकी असलेला डबा सगळ्यात वाईट. ३४ अंशांना बटरही जवळपास पातळ झालेलं असतं, ते पदरांतून खाली उतरून तळाला जमतं. आमच्या तिन्ही डब्यांच्या तळाशी तेलकट चंद्र उमटले होते.

४ मे, रविवार

नियम बदलला. एक नग दुकानातच, हातात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत कापायचा. गुण त्याचेच. दुसरा नग घरी न्यायचा, पण तो फक्त प्रवासाचं नुकसान मोजायला. तक्त्यात तीन रकाने वाढवले : भट्टीतून निघाल्याची वेळ, कापल्याची वेळ, त्या वेळचं तापमान आणि आर्द्रता.

भट्टीची वेळ काढणं हे वेगळंच काम आहे. ‘आजचाच आहे ना?’ विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘हो सर, एकदम फ्रेश.’ त्याऐवजी ‘पुढचा ट्रे किती वाजता निघणार?’ असं विचारावं. जिथे दिवसातून दोन-तीनदा भाजतात तिथे लगेच वेळ सांगतात. ‘आता उद्याच’ म्हणाले, तर समोरचा माल सकाळचाच आहे हे कळलं. सहापैकी दोनच ठिकाणी दुपारचा ट्रे निघतो.

प्रत्यक्ष खरेदी आज झालीच नाही. मेगाब्लॉकचं वेळापत्रक न बघता निघालो, दीड तास फलाटावर गेला आणि टॅक्सीला ३४० रुपये. रविवारी निघायचं असेल तर हे आदल्या रात्री बघा.

१० आणि ११ मे. क्रोसाँ, सहाही दुकानं

दोघादोघांच्या दोन जोड्या केल्या. शनिवारी १, २ आणि ५, ६. रविवारी ३, ४. बारा नग, २,४१० रुपये.

कापायची रीत आधी. ब्रेड-सुरीने मधोमध आडवं, दाब न देता, करवतीसारखं पुढे-मागे. साध्या सुरीने दाबलं की पदर एकमेकांना चिकटतात आणि चांगला क्रोसाँही गिचगिचीत दिसतो. कापल्यावर लगेच उजेडाकडे धरून बघायचा. दोन मिनिटांनी जाळी थोडी खाली बसते.

चिरोटे केलेल्या माणसाला यातलं निम्मं समजावून सांगावं लागत नाही. चिरोट्यात साटा, इथे बटरची लादी. तत्त्व एकच, फॅटचा थर पिठाच्या दोन थरांना चिकटू देत नाही म्हणून पदर सुटतात. फरक असा की साट्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर फेटलेलं असतं, त्यामुळे तो आपल्या हवेतही जागचा हलत नाही. नुसतं बटर लाटताना साधारण १३ ते १६ अंशांत राहायला हवं. गार झालं तर तुकडे पडतात, ऊब लागली की पिठात मुरतं. नेहमीच्या तीन घड्या तीनदा घातल्या की बटरचे २७ थर होतात. कापल्यावर मध्यापासून कडेपर्यंत गोल वळसे दिसायला हवेत, मधमाशीच्या पोळ्यासारख्या भोकांचे.

दिसलेले दोष आणि त्यांची कारणं :

दुकान ६. वळसे नाहीतच, पावासारखी सारखी बारीक भोकं. बटर लाटतानाच पिठात मुरलेलं. चव वाईट नाही, पण हा क्रोसाँच्या आकाराचा ब्रीओश, म्हणजे बटर-अंड्याचा मऊ पाव झाला. वजन ५८ ग्रॅम.

दुकान ४. वरच्या बाजूला अंगठा जाईल एवढी पोकळी, खाली दाट गोळा. हा पीठ पुरतं न फुगता भट्टीत गेल्याचा नमुना. मध्यभागी बोटभर पट्टा चिकट आणि राखाडी, म्हणजे आत कच्चा. रंगावर फसू नये. वरून अंड्याचा हात लावला की कच्चा मालही तांबूस दिसतो. क्रोसाँ उलटा करून तळ बघायचा. तळ फिकट असेल तर आत कच्चाच.

दुकान १. जाळी सुंदर, तळ मात्र तेलात तळल्यासारखा. फुगवताना जागा २८ अंशांच्या वर गेली की बटर भट्टीत जायच्या आधीच गळतं आणि मग क्रोसाँ स्वतःच्याच बटरमध्ये तळला जातो. मे महिन्यात फुगवणीची खोली थंड करावी लागते. दोन आठवड्यांनी, ढगाळ दिवशी याच दुकानाचा तळ कोरडा निघाला.

दुकान २. एकूण सर्वांत वरचा. कवच मोडताना पापुद्रे टेबलभर, आत सात वळसे मोजता आले, तळ गडद तपकिरी. ८४ ग्रॅम.

दुकान ३. भाजणी आणि जाळी उत्तम, पण फॅटबद्दल शंका. मार्जरिन, म्हणजे वनस्पती तेलाचं नकली बटर, आहे का, हे ओळखायला आम्ही आधी खाकी कागदाची चाचणी केली. तुकडा दाबून डाग किती पसरतो ते पाहिलं. पूर्ण निरुपयोगी. बटरही डाग सोडतं, मार्जरिनही. कागद आणि अर्धा तास वाया. उपयोगी पडली ती साधी रीत : तुकडा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून चावायचा आणि वर साध्या पाण्याचा घोट घ्यायचा. बटर तोंडाच्या उबेत वितळून जातं. लाटायच्या मार्जरिनचा वितळणबिंदू मुद्दाम चढा ठेवलेला असतो, म्हणून टाळूला मेणाचा पातळ थर बसतो आणि तो गरम चहानेच सुटतो. दुकान ३ चा थर चहानेच गेला. पाटीवर कुठेही ‘बटर’ शब्द नव्हता, हेही नंतर लक्षात आलं. तेव्हा त्यांना खोटं म्हणता येणार नाही. फ्रान्समध्ये सरळ आकाराचा क्रोसाँ बहुधा बटरचा आणि चंद्रकोरीचा बहुधा मार्जरिनचा, असा संकेत आहे. मुंबईत त्यावर विसंबू नका. दुकान ३ चा सरळच होता.

दुकान ५. सगळं बरं. लिहिण्यासारखं काही नाही, हाच त्याचा गुण.

भाव वजनाशी लावला तेव्हा चित्र बदललं. १०० ग्रॅमला : दुकान १ चा ३३९ रुपये (६२ ग्रॅम, २१०), २ चा २८६ (८४ ग्रॅम, २४०), ३ चा २१६ (७४ ग्रॅम, १६०), ४ चा २७१ (७० ग्रॅम, १९०), ५ चा २८८ (७८ ग्रॅम, २२५), ६ चा ३१० (५८ ग्रॅम, १८०). पाटीवर सर्वांत महाग असलेलं दुकान २ वजनावर चौथं निघालं आणि ‘स्वस्त’ दुकान ६ दुसऱ्या क्रमांकाचं महाग.

तुलनेसाठी इराण्याच्या बेकरीतली खारी आणली होती. पदरांच्या बाबतीत ती कुणालाही हार जात नाही, आणि चार दिवस डब्यात कुरकुरीत राहते. कारण तिच्यात यीस्ट नाही आणि ती आतपर्यंत वाळवलेली असते, कवचाला मऊ करायला ओलावाच शिल्लक नसतो. क्रोसाँकडून ती अपेक्षा करू नये. तो तासाभराचा पाहुणा.

११ मे, रात्री. पुन्हा गरम करण्याचे प्रयोग

यासाठी दुकान ३ चे आणखी चार नग, ६४० रुपये.

मायक्रोवेव्ह, २० सेकंद : कातडं. गार होताच चिवट. हा नग फेकला.

एअर फ्रायर, १६० अंश, ४ मिनिटं : टोकं काळी, पोट कोमट. पंख्याच्या झोताने सुटे पापुद्रे आधी जळतात. वर फॉइल सैल झाकून ३ मिनिटं ठेवलं तर चालेल.

ओटीजी, आधी १० मिनिटं तापवून १७० अंश, ५ मिनिटं, मग जाळीवर ५ मिनिटं गार : कवच परत आलं. जाळीवरची ५ मिनिटं गाळू नका. गरम असताना बटर पातळ असतं आणि कवच मऊच लागतं.

चौथा नग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी तसाच तापवला : कवच ठीक, आतून भुसभुशीत शिळा. फ्रिजच्या तापमानाला पावातला स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. ठेवायचाच असेल तर घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये, आणि तिथून थेट १६० अंशांवर १० मिनिटं.

१७ मे, शनिवार. एक्लेअर

चार दुकानांत मिळाले (१, २, ४, ५). किमती २२०, २५०, १८०, १९०. प्रत्येकी दोन, १,६८०.

प्रवासात सुधारणा. दुकान ४ चा नग याच महिन्यात सुरू झालेल्या मेट्रो ३ च्या नव्या टप्प्यावरून आणला, आचार्य अत्रे चौक ते दादर. गाडी वातानुकूलित, हात हलत नाहीत, आइसिंगला ओरखडाही नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आइसबॉक्स मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

आइसबॉक्समध्ये मात्र फसलो. फ्रीझरमधले जेल पॅक थेट डब्याला टेकवले होते. पॅकवर दव जमलं, पुठ्ठा भिजला, दुकान १ च्या एक्लेअरची खालची बाजू लगद्यासारखी झाली. पॅक जुन्या टॉवेलात गुंडाळून कडेला उभे लावायचे, आणि पदार्थाचा डबा आधी हवाबंद पिशवीत घालायचा.

कवच बघताना : लांबीत चिरून आतली पोकळी एकसलग आहे का ते पाहायचं. आत अंड्याचे ओले पापुद्रे लोंबत असतील तर ते कमी भाजलेलं, आणि संध्याकाळपर्यंत बसणार. दुकान ५ चं तसंच झालं. दुकान २ कवच रिकामं ठेवतं आणि मागणीनंतर भरतं. आठ मिनिटं थांबावं लागलं. फरक एवढा की आधीच भरून शोकेसमध्ये ठेवलेल्यांशी तुलना करणं अन्यायाचं वाटलं. तरी केली.

भरण हा खरा मुद्दा. असली क्रेम पातिसिएर म्हणजे दूध, अंड्याचा बलक, साखर, कॉर्नस्टार्च. तिला उकळी फुटल्यावर मिनिट-दोन मिनिटं शिजवावं लागतं, नाहीतर बलकातलं एन्झाइम स्टार्च तोडतं आणि काही तासांत क्रीम पातळ होते. दुकान १ च्या नगात भरण वाहत होतं, ते बहुधा याचमुळे. दुकान ४ चं भरण भडक पिवळं आणि वासाला लहानपणीचं फ्रूट कस्टर्ड : कस्टर्ड पावडर. व्हॅनिलाचे काळे ठिपके दिसले म्हणून हुरळू नका. अर्क काढून घेतलेल्या शेंगांच्या बियाही वेगळ्या विकत मिळतात.

व्हिप्ड क्रीम वापरलं असेल तर चमचाभर बशीत काढून पंख्याखाली २० मिनिटं ठेवा. दुधाची साय असेल तर ३३ अंशांत ती ढासळते, कडेने पाणी सोडते. वनस्पती तेलाची असेल तर डौलात उभी राहते. इथे गफलत होते, चाखणारे उभ्या क्रीमला जास्त गुण देतात. आमच्यातल्या दोघांनी दिले. चाखताना ती टाळूला चिकटते का, याचे गुण वेगळे ठेवले तेव्हा आकडे सरळ झाले.

एगलेसबद्दल. दुकान ४ मध्ये एगलेस एक्लेअरही होता, तो चाखला पण त्याला गुण दिले नाहीत. शू पेस्ट्रीचा सगळा उभार अंड्यावर असतो. अंडं काढलं की तो वेगळा पदार्थ होतो आणि त्याचा तक्ताही वेगळा हवा. शाकाहारी मंडळींसाठी त्याहून महत्त्वाचं : ‘एगलेस’ म्हणजे जिलेटिन नाही असं नव्हे. मूस आणि आरशासारख्या ग्लेझमध्ये जिलेटिन असू शकतं. काउंटरवर ‘अंडं आहे का’ आणि ‘जिलेटिन आहे का’ असे दोन वेगळे प्रश्न विचारा. अगर-अगर घातलेलं चवीवरून कळतं. जिलेटिन जिभेवर विरघळतं, अगर दाताखाली चायना ग्रासच्या वडीसारखं तुटतं. चायना ग्रास म्हणजेच अगर.

१८ मे, रविवार. मॅकरॉन

तीन दुकानं, सहाचे डबे, १,८०० रुपये. पूजा धिंग्रांनी २०१० मध्ये मुंबईत ले फिफ्टीन ही पॅटिसरी सुरू केली, त्यानंतर हा पदार्थ शहरात ओळखीचा झाला. तरी काउंटरवर अजून मॅकरून-मॅकरॉन घोळ होतो. तुतिकोरीनचा मॅकरून काजू, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचा, शंकूसारखा. तो इथे नाही.

चूक लगेच लिहून ठेवतो. फ्रिजमधून डबा काढून लगेच झाकण उघडलं. सहाव्या मिनिटाला मॅकरॉनची टरफलं (भरणाच्या वर-खाली असतात त्या मरँगच्या चकत्या) बोटाला चिकटायला लागली. आर्द्रतामापक ३३ अंश, ६८ टक्के दाखवत होता, म्हणजे दवबिंदू २६ अंशांच्या आसपास. त्याहून गार असलेली प्रत्येक गोष्ट उघड्यावर घामेजणार. दुसरा डबा झाकण न काढता २५ मिनिटं बाहेर ठेवला आणि मग उघडला. कोरडा.

आणखी एक उलटी गोष्ट. एक्लेअर ताजा भरलेला हवा, मॅकरॉन शिळा. भरून साधारण २४ तास फ्रिजमध्ये राहिला की भरणातला ओलावा टरफलात उतरतो. वरून पातळ कुरकुर आणि आत चिवटसर मऊ, ही जोडी तेव्हाच जमते. दुकान ५ ने अभिमानाने ‘आज सकाळीच भरलेत’ सांगितलं. ते दगडासारखे होते. उरलेले तीन दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून खाल्ले आणि तक्त्यात पहिले आले. गुण बदलावे का, यावर वाद झाला. बदलले नाहीत, शेजारी खूण केली.

तोडून बघताना टरफल आणि आतल्या गाभ्यात पोकळी नको, आणि खालची झालर सगळीकडून सारख्या उंचीची हवी. बाकी रंग कितीही भडक असो, चवीशी त्याचा संबंध नाही.

२४ मे, शनिवार. मिल-फॉय आणि लेमन टार्ट

मिल-फॉय तीन, १,०५०. टार्ट तीन, ७९०.

मिल-फॉय म्हणजे पफ पेस्ट्रीचे पत्रे आणि मधे क्रीम. पहिला वरून कापला आणि क्रीम चारी बाजूंनी बाहेर आलं. थर मोजायला काही उरलं नाही, ३२० रुपयांचा चिखल. बरोबर रीत : तो हलकेच आडवा कलता करायचा, म्हणजे थर उभे येतात, आणि दातेरी सुरीने त्या उभ्या थरांमधून करवतायचं.

पफ पेस्ट्रीला तीन घड्या सहा वेळा घातल्या की बटरचे ७२९ थर होतात. हे मोजता येत नाही, मोजायला जाऊ नये. बघायचं ते एवढंच की पत्रा आरपार तपकिरी आहे का. दुकान १ चा वरून सोनेरी, मधे पांढरा आणि पिठूळ. दुकान २ ने वर साखर भुरभुरून ती जाळून काचेसारखी केलेली. तो थर क्रीमचा ओलावा पेस्ट्रीत शिरू देत नाही, म्हणून दीड तासानेही मोडताना आवाज आला. तिसऱ्या ठिकाणी सरळ खारीचे पत्रे होते, जिऱ्याचा एक दाणासुद्धा सापडला. याला काय गुण द्यायचे?

टार्ट थोडक्यात. कवच तीन मिलिमीटरच्या आसपास हवं, पट्टीने मोजलेलं जाड कवच पाच भरलं. आपल्या कागदी लिंबाने भरण युरोपातल्या पिवळ्या लिंबापेक्षा जास्त चरचरीत होतं. ते झाकायला एका दुकानाने साखर इतकी घातली होती की लेमन टार्टऐवजी लिंबाची वडी झाली.

२६ मे, सोमवार

मान्सून आला. हवामान खात्याने आज मुंबईत आगमन जाहीर केलं, नेहमीची तारीख ११ जून. आमचं वेळापत्रक कोरड्या मे महिन्यावर बेतलेलं होतं. आधीचे आणि पुढचे गुण आता एका रांगेत मांडता येणार नाहीत.

३१ मे, शनिवार. तोच क्रोसाँ, पावसात

म्हणून दुकान २ चा क्रोसाँ परत आणला, दोन नग, ४८०. भट्टीतून निघाल्यापासून दर दहा मिनिटांनी एक टोक कानाजवळ मोडून आवाज ऐकायचा, ही आमची कुरकुर-चाचणी. १० मे रोजी, ३३ अंश आणि ६६ टक्के आर्द्रतेत, आवाज सत्तराव्या मिनिटाला गेला होता. आज २९ अंश, ८८ टक्के. पंचविसाव्या मिनिटाला दोन्ही गप्प. नमुने मोजकेच आहेत, पण तिप्पट फरक नजरेआड करता येत नाही.

गंमत अशी की दवबिंदू दोन्ही दिवशी जवळपास सारखाच निघतो, २६ अंशांच्या आगेमागे. म्हणजे गार पदार्थाला मे आणि जून दोन्ही सारखेच त्रासाचे. पाऊस मारतो तो कुरकुरीत पदार्थांना. तुम्हाला फक्त क्रोसाँ चाखायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठा. मॅकरॉन आणि मूस केव्हाही, झाकण मिटून.

केक आज दोनच, ८००. दोन्ही मूसचे, आरशाच्या ग्लेझचे. शोकेसमधून बाहेर येताच ग्लेझवर घामाचे थेंब, त्यामुळे फोटो दुकानातच काढा. सुई घातली तेव्हा मध्यभाग ५ अंश होता आणि चव मुकी. १२ अंशांवर चॉकलेट बोलायला लागलं. दुसऱ्या केकवरची चॉकलेटची पाती जिभेवर ठेवली तरी वितळेना, मेणबत्तीसारखी राहिली. ते कंपाउंड, म्हणजे कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती चरबी. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, तोंडातच वितळतं. ४२० रुपयांच्या तुकड्यावर कंपाउंड, हे पटलं नाही.

७ जून, शनिवार. पॅरि-ब्रेस्त

यादीबाहेरचा पदार्थ. शोकेसमध्ये कुठेच नव्हता, दोन दिवस आधी सांगून करून घ्यावा लागला. १,४०० रुपये, ६१२ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला २२९. मोजलेल्या क्रोसाँपैकी पाच याहून महाग. १९१० मध्ये पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस सायकल शर्यतीवरून हा चाकाच्या आकाराचा पदार्थ निघाला. शू पेस्ट्रीचं कडं, आत प्रालीनचं (साखरेच्या पाकात घोळवून वाटलेल्या सुक्यामेव्याचं) क्रीम. प्रालीनमध्ये हेझलनट हवं. ते आयातीचं, म्हणून इथे बदाम-काजूवर भागवलं होतं. आधी विचारलं असतं तर कळलं असतं.

कडं २० सेंटिमीटरचं, डबा २४ चा. वळणावर सरकलं आणि प्रालीन भिंतीला लागलं. डब्यात पुठ्ठ्याखाली ड्रॉवरला लावतो ती रबरी जाळी घालायला हवी होती, घरात पडून होती.

हिशोब : खरेदी १२,२४०, सामान १,८५०, प्रवास २,३८५ (मेगाब्लॉकची टॅक्सी धरून). एकूण १६,४७५. ठरवलं होतं १२,०००. जास्तीच्या रकमेतले १,१९० पहिल्या फेरीचे, ते वाचवता आले असते.

चार वाजता खाल्लेल्या पॅरि-ब्रेस्तचा चौथा हिस्सा उरला, तो झाकून फ्रिजमध्ये ठेवला. रात्री साडेनऊला कवच ब्रेडसारखं मऊ, प्रालीनची चव मात्र दुपारपेक्षा चढलेली. एकाच तुकड्याला एका रकान्यात ३ आणि दुसऱ्यात ९. भरण मुरल्यानंतरच्या गुणांचा रकाना तक्त्यात नव्हता, तो आता घातला. मॅकरॉनच्या वेळचे खुणेचे गुणही तिथेच उतरवले.